जॉइनिंगची तारीख येईपर्यंत

“ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा सांगलीच्या कॉलेजमधून बी.ई. झाले. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत निवड झाली आहे, पण ऑफर लेटरमध्ये जॉइनिंग ‘ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान’ एवढंच लिहिलंय. शिकवण्या घेऊन मी 48 हजार रुपये साठवलेत. त्यात तीन महिने एकटीनं भारत फिरायचा विचार आहे. लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत चौदा ठिकाणांची यादी तयार आहे. बाबा म्हणतात, पहिला पगार हातात येऊ दे, मग फीर काय फिरायचं ते. आई म्हणते, पोरीनं एकटं फिरलं तर लोक काय म्हणतील. साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. एकदा नोकरीला लागले की सगळं संपलं, असं सारखं वाटतं. मी आजवर कुठंही एकटी गेलेले नाही. पुण्याच्या मुलाखतीलासुद्धा बाबा सोबत होते. हेच बाबा तरुणपणी द्राक्षाच्या गाडीबरोबर दिल्लीच्या आझादपूर मंडईला जायचे. त्यांच्या गोष्टी ऐकूनच मला फिरायचं वेड लागलं. जाऊ की नको? आणि बायोडेटात गॅप दिसेल का? नाव छापू नका, बाबा हे सदर वाचतात.”

जा. पण तीन महिने नको, दीड महिना जा. आणि चौदा ठिकाणांतली दहा-अकरा आजच खोडून टाक.

असं का म्हणते ते सांगते. आधी तुझी भीती बघू. नोकरी लागली म्हणजे सगळं संपलं, हे खरं नाही. नोकरी करणारी माणसं फिरतात, पैसे हातात असल्यामुळे जरा बऱ्यापैकी फिरतात. मात्र बाबांचं ‘पहिला पगार येऊ दे, मग फीर’ हेही प्रत्यक्षात तितकं सोपं नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा बघ. वर्षाला 8 किरकोळ रजा, आणि वर्षात किमान 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. म्हणजे पहिलं वर्ष सरेपर्यंत तुझ्या खात्यात फारसं काही जमणार नाही. त्यात सुरुवातीला ट्रेनिंग, मग प्रोबेशन, मग पहिला प्रोजेक्ट. दिवाळीला घरी यायला चार दिवस मिळतील, एखादा मोठा वीकेंड मिळेल. सलग सहा आठवडे मात्र मिळणार नाहीत, पहिल्या वर्षी नाहीत आणि पाचव्या वर्षीही बहुधा नाहीत. आज ते तुझ्याकडे आहेत, तेही कंपनीच्याच दिरंगाईमुळे. घरी बसून रोज मेल उघडून बघण्यात ते घालवावेत असं मला वाटत नाही.

पण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हे नाहीच. ‘मी आजवर कुठंही एकटी गेलेले नाही,’ हे ते वाक्य. जानेवारीपर्यंत तू पुण्यात पीजीमध्ये राहत असशील. डिपॉझिट परत न देणारी घरमालकीण, रात्री नऊला सुटणारी शिफ्ट, अंगात ताप असताना एकटीनं गाठायचा दवाखाना, हे सगळं तिथं येणारच आहे. तिथं बाबा सोबत नसतील. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा एक अख्खा दिवस तू स्वतःच्या निर्णयानं कधी काढलेला नाहीस. घर, हॉस्टेल, कॉलेज, प्रत्येक ठिकाणी वेळापत्रक दुसऱ्याचं होतं. पुढंही दुसऱ्याचंच असणार. मधले हे दीड महिने तुझे असतील. कुठं उतरायचं, किती खर्चायचं, कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं, हे सगळं तूच ठरवायचं. मला तुला पाठवायचंय ते यासाठी. प्रवासात स्वतःचा शोध लागतो, करिअरचं उत्तर सापडतं, असं रील्समध्ये सांगतात. त्या आशेवर निघू नकोस. परत आल्यावरही कोडिंग आवडतं की नाही हा प्रश्न जिथल्या तिथं असेल आणि त्याचं उत्तर कामावर बसल्यावरच मिळेल.

आता कर्ज. इथं मी थोडी कठोर होणार आहे. मंजुरीपत्र काढ आणि हप्ता कधी सुरू होतो ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. शैक्षणिक कर्जाला सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, पण या काळात व्याज चढतच असतं. साडेतीन लाखांवर 10 टक्के दर धरला तर महिन्याला 2,900 रुपयांच्या पुढे. हे व्याज आत्ता कोण भरतंय? बाबा भरत असतील तर सहलीच्या पैशांतून पहिले दोन महिन्यांचे सहा हजार बाजूला काढून त्यांच्या हातात दे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज सवलत योजनेत तुझं खातं आहे का हेही शाखेत जाऊन विचार. चार वर्षं झाली तरी अनेकांनी हे विचारलेलंच नसतं. आणि समज, हप्ता सुरूच झाला असेल आणि घरच्या द्राक्षबागेच्या पैशांतून तो जात असेल, तर दीड महिन्याऐवजी तीन आठवडे जा. बापाच्या हप्त्यावर फिरणं बरं नाही.

व्याजाचे सहा हजार गेले की राहिले 42 हजार. राहण्या-खाण्याला दिवसाला सरासरी 600 धर, 45 दिवसांचे 27 हजार होतात. रेल्वे आणि एसटीसारख्या सरकारी बसगाड्यांना 8 हजार. उरतात 7 हजार. त्यांना हात लावायचा नाही. ते वेगळ्या खात्यात ठेव आणि त्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये टाकूच नकोस. 600 रुपयांत डोंगरात होमस्टे मिळेलच असं नाही, पण अमृतसरसारख्या ठिकाणी त्याहून बरंच कमी लागतं. एकीकडचं दुसरीकडे भरून निघतं. मात्र हे गणित दर दोन दिवसांनी गाव बदललं की कोसळतं. पैसा खातो तो प्रवास. मुक्काम त्या मानानं स्वस्त पडतो. यादीतली ठिकाणं खोडायला सांगितली त्याचं एक कारण हे. दुसरं असं की तीन महिन्यांत चौदा ठिकाणं केलेल्या माणसाला नंतर फक्त स्टेशनं आठवतात.

मी तुझ्या जागी असते तर तिकडं कोणता ऋतू आहे ते बघून ठरवलं असतं. तू सप्टेंबरच्या मध्याला निघशील असं धरते. दक्षिण यादीतून काढ. ऑक्टोबरपासून तमिळनाडूत परतीचा मोसमी पाऊस सुरू होतो, कन्याकुमारीला पुढं कधीही चार दिवसांच्या सुट्टीत जाता येईल. लडाख सुंदर आहे, पण तुझ्या पैशांत बसणार नाही. त्याऐवजी हिमाचलमधलं स्पितीचं खोरं घे. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या रस्त्यांवर दरडी कोसळत असतात, सप्टेंबरच्या उत्तरार्धात आभाळ मोकळं होतं आणि ऑक्टोबर संपता संपता मनालीकडच्या वाटेवरची कुंझुम खिंड बंद व्हायला लागते. म्हणजे तुझे दिवस नेमके बसतात. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला जा, तिथून शिमला, मग हिमाचलच्या सरकारी बसनं किन्नौरमधल्या रेकाँग पिओपर्यंत आणि पुढं नाको, ताबो करत काझा. मनालीकडून जाऊ नकोस. त्या वाटेनं एकाच दिवसात साडेचार हजार मीटरच्या वर चढून जावं लागतं आणि डोकं धरून बसायची वेळ येते. किन्नौरकडून चढ हळूहळू येतो, शरीर सवय करून घेतं. ताबोला किमान तीन रात्री राहा. तिथला मठ इसवी सन 996 चा, मातीच्या भिंतींचा. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग भिंतींवरची चित्रं एकेक करून दिसायला लागतात. घाई असलेली माणसं त्याआधीच बाहेर पडतात. काझात एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, शिमल्यातच रोख काढून ठेव.

स्पितीतून उतरलीस की अमृतसर. हे तुझ्या यादीत नव्हतं, माझ्यातर्फे घाल. सुवर्णमंदिराच्या लंगरमध्ये दिवसरात्र जेवण असतं, कोणी नाव-गाव विचारत नाही. जेवायला सगळेच बसतात. तू जेवून झाल्यावर भांडी घासायच्या बाजूला जा. लांबलचक हौद असतात, दोन्ही बाजूंनी माणसं उभी, स्टीलच्या थाळ्यांचा एवढा खणखणाट की शेजारचीशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कोणी शिकवत नाही. शेजारी उभी असलेली बाई आपली थाळी विसळून पुढच्या हौदात सरकवते, तेच बघून आपण करायचं. कोपरापर्यंत हात साबणात असतात आणि पायाखाली ओलं. शेजारी डॉक्टर असेल, ट्रक ड्रायव्हरची बायको असेल, कळायला मार्ग नसतो. मग पोळ्या लाटायला बस. आपल्या पोळीसारखी पातळ लाटलीस तर तिथल्या आज्या हसतील आणि तुझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन दाखवतील. दोन-तीन दिवस रोज तास-दोन तास हे कर. अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहून काम करता येणं, हे तुला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडेल.

शेवटी कोलकाता, दुर्गापूजेच्या दिवसांत. तिथं रात्रभर रस्त्यावर बायका, पोरी, म्हाताऱ्या नटूनथटून मंडप बघत फिरत असतात. गर्दी प्रचंड असते, पण एकटीला अवघडल्यासारखं होत नाही. पूजा संपली की हावड्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस नागपूरमार्गे थेट पुण्याला आणते. झालं. तीन ठिकाणं, दीड महिना. मध्ये वाटलं तर एखादं चौथं घे, पण ते तिथं भेटलेल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून घे, मोबाइलवरच्या यादीतून नको.

आईची भीती मी ‘लोक काय म्हणतील’ यावर सोडून देणार नाही. लोकांचं नाव पुढं करून ती स्वतःची काळजी बोलून दाखवते आहे, आणि ती काळजी अनाठायी नाही. तिला शब्द देऊ नकोस, व्यवस्था दाखव. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या स्लीपरमध्ये एकट्या किंवा बायकांबरोबर प्रवास करणाऱ्या बायकांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना तो निवडता येतो. एकट्या निघालेल्या बायकांची विचारपूस करायला रेल्वे सुरक्षा दलाचं ‘मेरी सहेली’ पथक 2020 पासून आहे. गाडीत काही झालं तर 139, बाहेर 112. यापलीकडचे दोन नियम माझे आहेत, त्यांत सूट नाही. नव्या गावात उजेड असतानाच पोहोचायचं. गाडी उशिरानं रात्री दोनला पोहोचली तर स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात सकाळपर्यंत बसायचं, रिक्षा करायची नाही. आणि कोणी कितीही गोड बोललं तरी आपण कुठं उतरलोय ते सांगायचं नाही. असभ्य वाटलं तरी चालेल. आईला रोज ठरावीक वेळी फोन कर. स्पितीत एखादा दिवस रेंज मिळणार नाही, तो दिवस कोणता असू शकतो ते तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे घरी कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही असं होणार नाही.

कंपनीचं काम मात्र निघण्याआधी उरकायचं. या आठवड्यातच एचआरला मेल टाक. जॉइनिंगची अपेक्षित तारीख कोणती आणि किती दिवस आधी कळवणार, हे दोनच प्रश्न. मेलमध्ये फिरायला जातेय हे लिहायची गरज नाही. उत्तर मोघम आलं तरी तू विचारल्याची नोंद राहते. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, पॅन, आधार यांच्या प्रती स्कॅन करून फोनमध्ये ठेव, मूळ कागद आईकडे एका फाइलमध्ये. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म अवेळी येतो आणि दोन दिवसांची मुदत देतो. रोज रात्री एकदा मेल बघायचा. तारीख आली, तर असशील तिथून परत फिरायचं, वाद नाही. स्पिती सुरुवातीला घेतली ती यासाठीच. पुढच्या दोन्ही गावांहून घर दोन दिवसांच्या रेल्वेवर आहे.

गॅपचा प्रश्न तुझ्या बाबतीत उद्भवतच नाही. ऑफर हातात आहे, उशीर कंपनी करते आहे. पण माझ्याकडे अशीच पत्रं ज्यांच्या हातात ऑफर नाही त्यांचीही येतात आणि त्यांना मी हेच उत्तर देणार नाही. फ्रेशर्सची भरती उत्तीर्ण झालेल्या वर्षावर चालते. ‘फक्त या बॅचसाठी’ असं जाहिरातीतच असतं. पहिले सहा महिने हातचे गेले की दारं खरोखर कमी होतात. त्यांनी पंधरा दिवस जावं, आणि मुलाखतींचा हंगाम बघून जावं. गेटवाल्यांनी फेब्रुवारीतल्या परीक्षेनंतर निघावं, कॅटवाल्यांनी नोव्हेंबरअखेर. घरात कमावणारं दुसरं कोणीच नसेल, तर आधी पगार. तिथं तुझ्या बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी आणखी एक. एकट्यानं निघायचं धाडस होत नसेल किंवा घरचे मुळीच सोडत नसतील, तर एखादं शिबिर हा चांगला मार्ग आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी 1967 मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. सकाळी श्रमदान, मग गप्पा, गाणी, व्याख्यानं, आणि राज्यभरातली आपल्या वयाची पोरं. खर्च अगदी किरकोळ. ज्यांना गाडीनं देश बघायचाय त्यांच्यासाठी जागृती यात्रा आहे. पंधरा दिवस, सुमारे 8,000 किलोमीटर, पाचेकशे तरुण एकाच रेल्वेत आणि वाटेत वेगवेगळे उद्योग आणि संस्था बघायच्या. तिला निवड प्रक्रिया असते आणि शुल्कही बरंच असतं, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो.

आता दोन शब्द तुझ्या बाबांसाठी. तुम्ही वाचता म्हणून थेटच लिहिते. तुमची काळजी मला कळते. बागेला वर्षभर पैसा ओतायचा आणि एका अवकाळीनं होत्याचं नव्हतं व्हायचं, हे ज्यांनी सोसलंय ते लेकीच्या हातातल्या पक्क्या नोकरीला धक्का लागू देणार नाहीत. तो लागणार नाही अशीच आखणी मी वर केली आहे. पण आझादपूरला गाडीबरोबर जात होतात तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? हिंदी धड येत नव्हती, विकलेल्या मालाच्या पट्टीचे पैसे वाजवून घ्यायचे, रात्री गाडीतच झोपायचं. दलालाशी बोलायची जी हिंमत तुम्हाला आली ती घरी बसून आली नव्हती. तुमच्या मुलीनं त्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या आहेत आणि तिला तुमच्यासारखंच व्हायचंय. मुलीच्या जागी मुलगा असता तर तुम्ही ‘जा, पण जपून’ म्हणाला असता का, याचा एकदा विचार करा, एवढीच विनंती. तिला स्टेशनवर सोडायला मात्र तुम्हीच जा.

आणि तू. हा विषय द्राक्षबागेच्या छाटणीच्या धांदलीत काढू नकोस. मजुरांची टोळी दारात, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावायची घाई आणि आभाळ भरून आलेलं असताना कोणताही बागायतदार ‘नाही’च म्हणेल. छाटणीची तारीख त्यांना विचार. ती तुझ्या निघण्याआधी असेल तर पोरांच्या शिकवण्या बंद करून तेवढे दिवस बागेत उभी राहा. नंतर असेल तर औषधांचा हिशेब आणि मजुरांची हजेरी कोण ठेवणार ते भावाशी किंवा चुलत्यांशी आधी ठरव आणि मगच बोल. बोलताना कागदावर तारखा, खर्च, गाड्यांची नावं आणि मुक्कामाचे फोन नंबर लिहून ने. ‘मला जायचंय’ यावर त्यांना हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. कागद समोर असला की ते ‘ही गाडी नको, ती बघ’ म्हणतील. दिल्लीचा रस्ता त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते बोलायला लागले की ऐकून घे.

तिकिटं आता 60 दिवस आधी उघडतात. पूजेच्या आगेमागे हावड्याकडून येणाऱ्या गाड्या भरून जातात, म्हणून परतीचं तिकीट आधी काढ, जायचं नंतर. ते रद्द करावं लागलं तर थोडे पैसे कापले जातील, तेवढे जाऊ देत. आणि स्पितीसाठी एक जाड स्वेटर घे. तासगावच्या थंडीचा अंदाज तिथं चालत नाही.